बाल्डरडॅश मराठीतून: खोका कपाटात ठेवा, कोश बाहेर काढा

बाल्डरडॅश हा खेळ लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉयन यांनी १९८४ मध्ये कॅनडात बाजारात आणला. कल्पना त्याहून जुनी. जाडजूड शब्दकोश उघडायचा, कोणालाच माहीत नसलेला शब्द काढायचा आणि ज्याने-त्याने चिठ्ठीवर त्याचा खोटा अर्थ लिहायचा. मग खरा अर्थ त्या चिठ्ठ्यांत मिसळून सगळे वाचायचे आणि खरा कोणता ते ओळखायचं. खेळाचं नाव हाही असाच एक शब्द आहे. आज त्याचा अर्थ बाष्कळ बडबड, पण सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत तो फेसाळ पेयासाठी आणि पुढे दारूच्या भलत्याच मिश्रणासाठी वापरला जाई.

मराठी घरात या खोक्याचा उपयोग किती? निम्मा. कार्डांवर शब्द, विचित्र माणसं, आद्याक्षरं, चित्रपट आणि कायदे असे गट आहेत. चित्रपटाचं नाव ऐकून कथानक रचणं मराठीतून छान जमतं. कायद्यांचा गट तर सर्वात चांगला: 'अमुक गावात अमुक करणं बेकायदेशीर' असं अर्धवट वाक्य मिळतं आणि ते पुरं करायला इंग्रजी शब्दसंपत्ती लागत नाही. आद्याक्षरं मात्र पूर्ण फसतात, कारण ती इंग्रजीतच उलगडावी लागतात. मूळ गाभा म्हणजे शब्दांचा गट, आणि तोही लंगडा पडतो. शब्द सगळ्यांना सारखाच अनोळखी असतो हे खरं, पण खोटा अर्थ मराठीत लिहिला तर वाचणाऱ्याला खरा अर्थ जागच्या जागी भाषांतरित करावा लागतो. ते भाषांतर अवघडलेलं होतं आणि ऐकताक्षणी कळतं, की खरा हाच. पट आणि सोंगट्या नसल्या तरी काही अडत नाही, गुण कागदावर मांडता येतात.

म्हणून शिफारस अशी, की खेळाची रीत घ्यावी आणि शब्दांऐवजी मराठी वाक्प्रचार घ्यावेत. वाक्प्रचार शब्दापेक्षा सरस ठरतो, कारण त्यातले सुटे शब्द ओळखीचे असतात आणि एकत्र आले की अर्थ लागत नाही. वाटाणा माहीत, अक्षता माहीत, पण 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' म्हणजे काय? विशी-पंचविशीतल्या मंडळींना असे शेकडो वाक्प्रचार नुसते कानावरून गेलेले असतात. अंदाज करायला तेवढा आधार पुरतो आणि चुकायला भरपूर जागा उरते.

साहित्य शंभर रुपयांच्या आत येतं. ए-फोर कागदाच्या तीन घड्या घातल्या की आठ चिठ्ठ्या निघतात. पाच जण दहा डाव खेळणार असतील तर दर डावाला चार खोट्या आणि एक खरी, म्हणजे ५० चिठ्ठ्या, म्हणजे सात कागद. पेन्सिली सगळ्यांना एकाच जातीच्या द्या. निळ्या पेनांत एकच काळं पेन असलं, की कोणती चिठ्ठी कोणाची हे तिसऱ्या डावापासून सगळ्यांना कळायला लागतं. नागपुरात उन्हाळी दुपारी हा खेळ मांडायचा तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कूलर थेट चटईवर रोखलेला असेल तर चिठ्ठ्या उडतात, आणि उडालेली चिठ्ठी उचलणाऱ्याला अक्षर दिसतं. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात गोळा करा आणि वाचणाऱ्याला कूलरपासून लांब बसवा, नाहीतर त्या घरघरीत निम्मं ऐकू येत नाही. तर्री-पोहे खेळ झाल्यावर. बोटाचा तेलकट लाल ठसा हीसुद्धा ओळख असते.

खेळणारे चार ते सहा बरे. तिघांत दोनच खोटे अर्थ येतात आणि अंदाज सोपा होतो. सातांच्या पुढे गेलं, की ऐकलेला पहिला अर्थ शेवटच्यापर्यंत विसरायला होतो. माणसं जास्त असली तर जोड्या करा. बारा वर्षांखालच्या पोट्ट्यांनाही आजी किंवा आत्याच्या जोडीलाच बसवावं.

आता डाव. कोश ज्याच्या हाती त्याला कोशवाला म्हणू, आणि कोश दर डावाला पुढच्याकडे जातो. त्याने वाक्प्रचार दोनदा स्पष्ट वाचायचा, उदाहरणाचं वाक्य द्यायचं नाही. मग विचारायचं, 'कोणाला पक्का माहीत आहे?' एक हात वर आला तर तो माणूस खोटा अर्थ लिहितो, पण मत देत नाही. दोन वर आले तर वाक्प्रचार बाद. मूळ खेळात बरोबर अर्थ लिहिणाऱ्याला तीन गुण मिळतात. मराठीत तो नियम काढून टाकणंच बरं, कारण ज्याचं वाचन जास्त तो दोन डावांत पुढे निघून जातो आणि बाकीच्यांचा जीव खेळातून उडतो.

लिहायला दीड मिनिट द्या. तेवढ्या वेळात कोशवाला खरा अर्थ तशाच चिठ्ठीवर, तशाच पेन्सिलीने, दहा-बारा शब्दांत उतरवतो. कोशातला अर्थ लांबलचक असतो, तो जसाच्या तसा वाचला की पकडला जातो. चिठ्ठ्या जमल्या की सगळ्या एकदा मनात वाचून घ्यायच्या. ही पायरी गाळू नका. खेळ सर्वात जास्त वेळा बिघडतो तो इथेच: दुसऱ्याचं अक्षर लागत नाही, वाचणारा अडखळतो, आणि न अडखळता वाचलेली एकच चिठ्ठी त्याची स्वतःची असते. दोन चिठ्ठ्यांचा अर्थ जवळपास सारखा असेल तर एकच वाचा आणि तिला पडलेली मतं दोघांनाही द्या. वाचताना हसू आलं तर थांबा आणि सगळ्या पहिल्यापासून परत वाचा.

मत बोटांनी, एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी एकदम. हा नियम मोडला की खेळ मोडला. आपल्याकडे वयाचा मान ठेवला जातो. काकांनी आधी 'दोन नंबर' म्हटलं, की धाकटे गुमान दोन बोटं दाखवतात आणि दोन नंबरची चिठ्ठी नेमकी काकांचीच असते. खरा अर्थ ओळखला तर दोन गुण, आपल्या खोट्या अर्थाला पडलेल्या दर मतामागे एक, आणि खरा अर्थ कोणालाच सापडला नाही तर कोशवाल्याला तीन. एक डाव सात-आठ मिनिटांचा होतो. दहा डाव म्हणजे सव्वा तास, आणि त्याच्या पुढे ताणू नये.

आता एक डाव जवळून पाहू. वाक्प्रचार 'वाटाण्याच्या अक्षता लावणे'. चिठ्ठ्यांवर आलं: 'घाईगर्दीत, कमी खर्चात लग्न उरकणे.' 'तोंडदेखली स्तुती करून आपले काम साधणे.' 'लग्नात लई कंजुसी करणे.' 'साफ नकार देणे, विनंती फेटाळणे.' खरा अर्थ चौथा. पण पहिल्या तिघांत फसवी चिठ्ठी कोणती ते बघा. पहिली आणि तिसरी अक्षता या शब्दाला धरून लग्नापाशीच अडकल्या, आणि वाक्प्रचाराचा अर्थ शब्दाच्या इतका जवळ क्वचितच राहतो. तिसरीत तर 'लई' आहे, कोश असं बोलत नाही. मतं खेचते ती दुसरी, कारण तिने अक्षता सोडल्या, माणसामाणसांतला एक व्यवहार पकडला आणि वाक्य कोशाच्या घाटाचं ठेवलं.

खोटं लिहिण्याची कला एवढीच. 'णे'चा वाक्प्रचार असेल तर अर्थही 'णे'नेच संपवा. सहा ते बारा शब्द, स्वल्पविराम देऊन दुसरी छटा, जमल्यास एखादं 'विशेषतः'. नागपूरकरांची अडचण वेगळी. आपल्या रोजच्या बोलण्यात हिंदी इतकी मुरलेली आहे, की 'एखाद्याला फालतूमध्ये पकवणे' असं हातून सहज लिहिलं जातं आणि चिठ्ठी वाचताक्षणी समोरून येतं, 'थे तुही हाय बे!' लिहून झाल्यावर दहा सेकंद फक्त भाषेसाठी ठेवा.

वाक्प्रचार निवडताना लोकांना माहीत नसणं हा एकच निकष धरू नका. शब्दांवरून अर्थ चुकीच्या दिशेला गेला पाहिजे. 'उखळ पांढरे होणे' उत्तम: ऐकणारा चुना-भिंतीपर्यंत जातो, खरा अर्थ भरपूर फायदा होणे, भरभराट होणे. 'ताकास तूर लागू न देणे' त्याहून सरस, कारण सगळे स्वयंपाकघरात शिरतात, आणि अर्थ असतो मनातल्या गोष्टीचा थांग लागू न देणे. 'हातावर तुरी देणे' म्हणजे डोळ्यांदेखत निसटून जाणे, 'कच्छपी लागणे' म्हणजे नादी लागणे, 'लंकेची पार्वती' म्हणजे अंगावर एकही दागिना नसलेली बाई. 'मूग गिळणे', 'खापर फोडणे' आता कामाचे नाहीत, शाळेतल्या पुस्तकांनी ते सगळ्यांना पाठ करून दिले आहेत. 'चतुर्भुज होणे' जपून वापरा. लग्न होणे आणि बेड्या पडणे असे त्याचे दोन्ही अर्थ रूढ आहेत. कोशवाल्याने एकच टिपला आणि दुसरा कोणी चिठ्ठीवर लिहिला, तर भांडण ठरलेलं. कोशातली नोंद शेवटपर्यंत वाचूनच डाव लावावा.

अर्थ सगळ्यांना माहीत, पण तो आला कुठून हे माहीत नाही, अशांचा वेगळा डाव लावता येतो. 'गाशा गुंडाळणे'मधला गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. 'पोबारा करणे'मधला पोबारा हे सोंगट्यांच्या खेळातलं दान. 'बादरायण संबंध' तर या डावाचा राजा. आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातलग, असं सांगणारा संस्कृत श्लोक त्याच्या मागे आहे. बदरी म्हणजे बोर. खरं उत्तरच इतकं खोटं वाटतं, की त्याला मत पडत नाही आणि कोशवाला तीन गुण घेऊन जातो.

पाहुणे पुण्या-मुंबईचे असतील तर विदर्भातले शब्द काढा. 'भाजीवर सांबार टाक' म्हटलं, की त्यांच्या डोळ्यांपुढे इडली येते. आपल्याकडे ती कोथिंबीर. बंडी म्हणजे त्यांना अंगातला कपडा वाटतो, इथे बैलगाडी. टोंगळा म्हणजे गुडघा, इस्तो म्हणजे विस्तव, जांगडगुत्ता म्हणजे सगळा गुंता. मारबत हा शब्द तर खास त्यांच्यासाठी राखून ठेवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत निघते, इडापिडा बाहेर काढण्यासाठी पुतळ्यांची मिरवणूक असते, हे नागपुरात पोरासोरांना ठाऊक आणि बाहेर फारसं कोणाला नाही. या फेरीत नागपूरकरांनी फक्त खोटं लिहायचं, मत पाहुण्यांनी द्यायचं. वऱ्हाडी अकोला-अमरावतीची, झाडीबोली भंडारा-गोंदियाकडची, आणि नागपूरचं बोलणं आणखी निराळं. त्यामुळे खोलीत तिन्हीकडचे असले तर एकमेकांनाही चकवता येतं.

आता कोश कोणता? या खेळासाठी पहिली पसंती दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाला. दोन भागांत आहे, अर्थ आटोपशीर, कित्येक ठिकाणी वाक्प्रचारामागची गोष्टही सापडते. त्याच मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात बोलीतल्या शब्दांपुढे 'व.' किंवा 'ना.' अशी खूण असते, वऱ्हाडी आणि नागपुरी. विदर्भाच्या फेरीसाठी पानं चाळताना ती खूणच शोधायची. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. जुने, वापरातून गेलेले शब्द शोधायला तो उत्तम, पण अर्थ इंग्रजीत असल्याने भाषांतराची अडचण परत येते. शब्दकोश आणि मोल्सवर्थ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मात्र खेळताना मोबाइल एकट्या कोशवाल्याच्या हातात, बाकीच्यांचे पालथे घालून डब्यात. वाक्प्रचार आदल्या दिवशीच वहीत उतरवून ठेवले तर त्याचीही गरज नाही. पाच जणांच्या बैठकीला पंधरा लागतात: दहा खेळायचे, पाच बाद होतील म्हणून वरचे. त्याच वहीत वापरलेल्या वाक्प्रचारापुढे तारीख आणि बसलेल्यांची नावं लिहा. तीच मंडळी पुढच्या कोजागिरीला गच्चीवर जमली, की मागच्या वेळी कोणासमोर काय वाचलं होतं हे कोणाच्याच लक्षात नसतं.