घरपोच गर्भवती मालीश: काही महिन्यांचा अनुभव आणि वजा केलेले एक सत्र

पाचव्या महिन्यापासून मी पुण्यातील एका घरपोच सेवेकडून मालीश घेत आले आहे आणि आता नववा महिना सुरू आहे. दर, वेळा, तेलांचे प्रकार हे सर्व अ‍ॅपवर दिसतेच, त्यामुळे त्याची पुनरुक्ती करत नाही. मला लिहायचे आहे ते माझ्या पॅकेजमधून वजा झालेल्या एका सत्राविषयी. रक्कम दीड हजारांच्या आसपास आहे आणि ती मला क्षुल्लक वाटत नाही.

आधी फायद्याविषयी. पोट वाढते तसा शरीराचा भार पुढे सरकतो, कमरेचा बाक वाढतो आणि संप्रेरकांमुळे सांधे सैलावतात. हा सगळा ताण कंबर आणि नितंबांचे स्नायू सोसत असतात. तिथे मध्यम दाबाने केलेल्या मालिशीने मला खरोखर आराम मिळाला आणि त्या रात्री झोपही चांगली लागे. मात्र हा आराम एक-दोन दिवस टिकतो, त्याहून अधिकाची अपेक्षा ठेवू नये. मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, २० मिनिटे, अशी पाच आठवडे मालीश घेतलेल्या गरोदर स्त्रियांची चिंता आणि पाठदुखी कमी झाली व झोप सुधारली, असे दिसले होते. पण त्या अभ्यासात मालीश घेणारा आणि तुलनेसाठीचा असे दोन्ही गट मिळून अवघ्या २६ स्त्रिया होत्या. एवढ्या आधारावर कोणी ‘सुलभ प्रसूती’ची जाहिरात करत असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

पहिल्या महिन्यात मी या सेवेला तीनच तारे दिले होते. येणाऱ्या ताई मला उताणे झोपू देत नसत, डाव्या कुशीवर वळवून गुडघ्यांमध्ये उशी देत, आणि पायांवरून तर केवळ हात फिरवत. पूर्ण पैसे देऊन पाय दाबूनच मिळत नाहीत, अशी माझी तक्रार होती. नंतर माझ्या डॉक्टरांनी दोन्ही गोष्टींची कारणे सांगितली, तेव्हा माझे मत बदलले. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि चक्कर येऊ शकते. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेली असेल, तर जोरात दाबल्याने ती सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. म्हणून पोटऱ्या आणि मांडीची आतली बाजू रगडायची नसते.

सातव्या महिन्यात एके दिवशी ताईंनी तेल गरम करण्याआधीच माझे पाय पाहिले आणि त्या थांबल्या. दोन्ही घोट्यांवर सूज होतीच, ती अनेकींना येते. पण डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट जाड होती, हाताला गरम लागत होती आणि दुखतही होती. “मॅडम, आज मी हात लावणार नाही, तुम्ही आधी दवाखान्यात दाखवा,” एवढे म्हणून त्यांनी सामान आवरले. त्याच संध्याकाळी डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाली. गुठळी नव्हती, सूजही पुढे उतरली. तरीही डॉक्टरांनी ताईंचा निर्णय अगदी योग्य ठरवला, कारण गरोदरपणात अशी गुठळी बहुतेक वेळा डाव्याच पायात होते आणि तपासणीशिवाय ती ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर ते सत्र ‘पूर्ण’ दाखवून वजा केलेले होते. ग्राहक सेवेचे उत्तर असे की, कर्मचारी दारापर्यंत आला असेल तर रद्द केलेले सत्र परत मिळत नाही. रद्द मी केले नव्हते, त्यांच्याच प्रशिक्षित बाईंनी केले होते, हे मी तीन वेगवेगळ्या व्यक्तींना समजावले. तिघांनी तोच नियम वाचून दाखवला. यापेक्षा गंभीर बाब ताईंकडून कळली. मालीश न करता परतल्यास त्यांनाही त्या फेरीचे पैसे मिळत नाहीत. नकार देणाऱ्या बाईचे आणि नकार मिळालेल्या गरोदर स्त्रीचे, असे दोघींचेही नुकसान करणारा हा नियम आहे. पैशांची गरज असलेली दुसरी एखादी बाई अशा वेळी पोटरीकडे काणाडोळा करून काम उरकणार नाही, याची खात्री कंपनी कशी देणार? या सेवेतली खरी सुरक्षितता त्या नकारातच आहे, आणि कंपनी त्यासाठीच दंड आकारते.

म्हणून ताईंना पाच तारे आणि कंपनीला एक. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. तक्रार लेखी दिली आहे.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी पॅकेज घेऊ नये, दर वेळेचे पैसे वेगळे द्यावेत. सवलत थोडी बुडते, पण अडकून पडावे लागत नाही. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तस्राव, मुदतीपूर्वी कळा, १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब, अचानक चेहरा किंवा हात सुजणे, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही असल्यास मालीश बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. रक्तदाब पाहण्यासाठी खर्च करावा लागतो असेही नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. पोट मात्र कोणाकडूनही चोळून घेऊ नये, घरातल्या वडीलधाऱ्यांचा कितीही आग्रह असला तरी.