डिस्क की डाउनलोड? इंदूरमध्ये वर्षभर पीएस५ वापरल्यावर

सोनीची पीएस५ स्लिम (टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) घेताना आमच्याकडे वाद एकाच गोष्टीवर होता: डिस्क ड्राइव्हवाली घ्यायची की बिनड्राइव्हची. एप्रिल २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा पहिली ५४,९९० रुपयांना होती आणि दुसरी ४४,९९० ला. म्हणजे फक्त ड्राइव्हचे दहा हजार. दादा म्हणाला, सीडी लावायचे दिवस गेले, कशाला पैसे घालवतोस. मी ड्राइव्हवालीच आणली. वर्षभर दोन्ही प्रकारे गेम घेतले, आणि ते दहा हजार केव्हाच वसूल झालेत.

वसूल झाले ते विकून. नवा मोठा गेम साधारण पाच हजारांना पडतो. गोष्टीचा गेम असेल तर महिना-दीड महिन्यात संपतो आणि पुन्हा खेळायची इच्छा क्वचितच होते. डिस्क लगेच विकली तर अर्ध्याहून जास्त पैसे सुटतात. सहा महिने कपाटात ठेवली तर मात्र भाव पडतो. डाउनलोड केलेल्या गेमचे असे काहीच करता येत नाही. आरएनटी मार्गावरच्या ज्या दुकानात मी डिस्का देतो, तिथल्या भियांना (इंदुरी बोलीत भाऊ) एकदा गमतीने विचारलं. ते म्हणाले, "भिया, डिस्क हो तो ले आओ, डाउनलोड का अपन क्या करेंगे?"

विकण्यापेक्षाही मजा अदलाबदलीत आहे. माझा मावसभाऊ राजेंद्रनगरला, ऑफिसातला एक मित्र विजयनगरला. तिघांत मिळून एक गेम घेतला की तो तिन्ही घरं फिरतो. एक डब्बा परत आला तेव्हा त्यावर शेवेच्या तेलाचे डाग होते. इंदूरच आहे, चालायचंच. आत डिस्क स्वच्छ होती.

आता एक गैरसमज, जो दुकानातही ऐकू येतो: डिस्क घेतली की जागा वाचते आणि नेट लागत नाही. दोन्ही चूक. पीएस५ वर गेम डिस्कवरून चालत नाही, आधी पूर्ण एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या आतल्या साठवणीवर, उतरतो. त्यानंतर डिस्क फक्त किल्लीचं काम करते, पण खेळताना प्रत्येक वेळी आत हवीच. फायनल फँटसी ७ रिबर्थसारखे गेम तर दोन डिस्कांवर येतात: एक डेटाची, एक खेळायची. वर नेटवरून पॅच, म्हणजे दुरुस्त्या, येतात ते वेगळेच. स्लिमला १ टीबी जागा आहे आणि ती अपेक्षेपेक्षा लवकर भरते, मग गेम कुठूनही आणा. शिवाय ड्राइव्ह नंतर वेगळी घेऊन जोडली तर ती पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच.

डाउनलोडची बाजूही सांगतो, कारण माझे अर्ध्याच्या आसपास गेम तसेच आहेत. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबीचा गेम कागदावर सव्वादोन तासांत उतरतो. आमच्याकडे संध्याकाळी जास्त लागतात, म्हणून रात्री लावून झोपतो. छोटे इंडी (लहान, स्वतंत्र निर्मात्यांचे) गेम सेलमध्ये इतके स्वस्त मिळतात की त्यांची डिस्क शोधत बसणं वेडेपणा. दादाला वेगळ्या अकाउंटवरून त्याच कन्सोलवर माझे गेम खेळता येतात. परताव्याची अट मात्र कडक आहे: चौदा दिवसांत मागता येतो, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क जवळजवळ संपला. स्टीम या ऑनलाइन दुकानातून पीसीसाठी घेतलात तर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ती पद्धत मला जास्त सरळ वाटते.

राहिला मालकीचा प्रश्न. डाउनलोडवर आपण विकत घेतो ते परवाना, वस्तू नाही. कॅलिफोर्नियाने तर २०२४ मध्ये कायदाच केला की दुकानांनी हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं. तो जानेवारी २०२५ पासून लागू आहे. पण डिस्कवाल्यांनीही छाती फुगवू नये. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू' या २०१४ च्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा डिस्क असलेल्यांच्या हातातही रिकामी चकती राहिली, कारण तो गेम सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. आणि निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलच्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. डब्बा मात्र पूर्ण आकाराचा! तरी गंमत अशी की ते कार्ड पुढे विकता येतं, म्हणजे माझ्या हिशेबात साध्या डाउनलोडपेक्षा ते बरंच.

माझं ठरलेलं असं: गोष्टीचा मोठा गेम डिस्कवर, ऑनलाइन खेळायचा किंवा छोटा असेल तर डाउनलोड. मित्रमंडळीत कोणाकडेच पीएस५ नसेल आणि विकायला जायचा कंटाळा असेल, तर बिनड्राइव्हची घ्या, उगाच दहा हजार अडकवू नका.

जुनी डिस्क घेताना उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा, आणि डब्यावरचा प्रदेश तपासा. बाहेरदेशची डिस्क इथे चालते, पण तिच्यावर भारतीय अकाउंटमधून घेतलेला जोडभाग (गेमचा वेगळा विकत मिळणारा जादा भाग) बहुधा चालत नाही. डब्यात जादा गोष्टींसाठीचा कोड असेल तर तो वापरलेला असणार हे गृहीत धरूनच भाव करा.