चेरोकी शेतकऱ्याचं घराणं शोधायला: नॅशनल आर्काइव्हजचा ऑनलाइन कॅटलॉग

अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजचा हा कॅटलॉग फुकट आहे. दादरला बसून ओक्लाहोमातल्या चेरोकी (अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात) शेतकऱ्याची वंशावळ लावता येते. सुरुवात डॉज रोल्सपासून (Dawes Rolls, जमीनवाटपासाठी सरकारने केलेली जमातीच्या सदस्यांची यादी). अंतिम यादीत नाव गाठा, त्यावरून नोंदणी कार्ड काढा. रेशनकार्डासारखं त्यावर अख्खं कुटुंब: वय, नातं, रोल क्रमांक, आईवडिलांची नावं. खरा ऐवज अर्जाच्या पाकिटात, साक्षी-जबाब तिथेच. बरेच जण कार्डावरच थांबतात.

गोंधळ होतो तो क्रमांकांचा. रोल क्रमांक वेगळा, कार्ड क्रमांक वेगळा. शिवाय ‘बाय ब्लड’ (रक्ताने चेरोकी) आणि ‘फ्रीडमन’ (चेरोकींकडच्या गुलामीतून मुक्त झालेले आणि त्यांचे वंशज) यांच्या मालिका स्वतंत्र. गट न पाहता क्रमांक टाकलात तर भलतंच घर उघडतं. नावांचं स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा.

जमिनीचे एकर जुळत नाहीत म्हणून बिचकू नका. १९०२च्या कायद्याने प्रत्येकाला सरासरी ११० एकरांच्या ‘किमतीइतकी’ जमीन ठरली. कसदार मिळाली तर एकर कमी.

१८३८-३९च्या सक्तीच्या स्थलांतरामागे जायला मात्र डॉज तोकडा पडतो. तिथे ‘गायॉन मिलर’ (Guion Miller, भरपाईसाठी पात्र पूर्व चेरोकींची यादी) यादीचे अर्ज उपयोगी, कारण त्यांत आजीआजोबांचीही नावं विचारलेली आहेत. लोकलमध्ये मोबाइलवर हे वाचायला जाऊ नका, फिकट हस्ताक्षराला मोठा स्क्रीनच हवा.