‘पॉश’ कार्यशाळा : कायदा पक्का, साहेबांचा धडा कच्चा

‘पॉश’ म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. त्यावरची नाशिकमधल्या एका प्रशिक्षण संस्थेची ही एक दिवसाची कार्यशाळा. सातपूर-अंबडमधल्या कंपन्या अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या आपल्या अंतर्गत समितीचे सदस्य आणि खातेप्रमुख अशा दोघांनाही इथे पाठवतात. सकाळचं सत्र उत्तम. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत, पुरावे आणि साक्षीदारांच्या नावांसह 6 प्रतींत. त्यातली एक प्रत 7 कामाच्या दिवसांत ज्याच्यावर आरोप आहे त्याला, त्याचं उत्तर 10 कामाच्या दिवसांत. चौकशी 90 दिवसांत, अहवाल त्यानंतर 10 दिवसांत आणि मालकाची कारवाई 60 दिवसांत. सुनावणीला अध्यक्षा धरून किमान 3 सदस्य हवेत, वकील चालत नाही. हे सगळं एका पानावर छापून देतात. ते पान जपून ठेवण्यासारखं आहे.

गडबड दुपारी होते. खातेप्रमुखांना सांगितलं जातं, ‘निकाल लागेपर्यंत तुम्ही कोणाचीच बाजू घेऊ नका, यात पडू नका.’ समितीने दोन्ही बाजू सारख्याच कसोशीने ऐकायच्या, हे बरोबर. पण शिफ्टचा तक्ता, ओव्हरटाइम आणि वार्षिक मूल्यमापन ज्याच्या सहीने होतं, तो यात आधीपासूनच आहे. त्याने काहीच केलं नाही तर तीच शिफ्ट, तोच सुपरवायझर आणि तीच कंपनीची बस तक्रार करणाऱ्या बाईच्या वाट्याला राहते. (कंपनीने दिलेली बसही कायद्याने कामाची जागाच.) साहेब गप्प आहेत हे पाहून साक्षीदार गळतात. ठेकेदाराकडच्या बायका तर सर्वांत आधी, कारण उद्या गेटवर नाव येईल की नाही याचीच त्यांना खात्री नसते. मग समितीपुढे पुरावाच उरत नाही आणि ‘तक्रार सिद्ध झाली नाही’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्यात साहेबांच्या गप्प बसण्याचा वाटा मोठा असतो.

2013 च्या कायद्यालाही हे गप्प बसणं मान्य नाही. कलम 12 नुसार तिने लेखी मागितलं तर समिती दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला 3 महिन्यांपर्यंत जादा रजा सुचवू शकते. नियम 8 प्रमाणे तिच्या कामाचा अहवाल लिहिण्याचं काम आरोप असलेल्या माणसाकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याला देता येतं. शिफारस आली की ती अमलात आणून तसं समितीला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. कार्यशाळेत यावर जेमतेम एक स्लाइड, आणि समिती न नेमल्याच्या 50,000 रुपये दंडावर मात्र लांबलचक चर्चा. प्रमुखांना दंडाची भीती घालून काय साधणार? त्यांच्या हातात काय आहे, ते त्यांना शिकवायला हवं.

‘केबिनमध्ये बोलावून आपसात मिटवा’ या सवयीवरही कोणी बोट ठेवत नाही. कलम 10 प्रमाणे समेट फक्त तिच्या विनंतीवरून, चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फतच. आणि पैशांवर तडजोड अजिबात नाही.

कायद्याच्या माहितीसाठी पाचपैकी साडेचार, प्रमुखांच्या सत्रासाठी दोन. बुकिंग करताना प्लांट हेडसाठी वेगळा दीड तास मागून घ्या, ठेकेदारांचे सुपरवायझरही बसवा आणि अंतरिम बदलीच्या आदेशाचा मराठी नमुना आधीच मागवा. सिन्नरला दुसरं युनिट असेल तर तिथे स्वतंत्र समिती लागते. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमधली तक्रार, किंवा थेट मालकाविरुद्धची, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्याबद्दल इथे फारसं काही मिळणार नाही.