‘८ जीबी ग्राफिक्स’वाला हलका लॅपटॉप

एका खरेदी-विक्रीच्या साइटवर वापरलेल्या लॅपटॉपची जाहिरात अशी होती: वजन १.३ किलो, ११व्या पिढीचा आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स, जवळजवळ नवा, सगळे गेम सुसाट. मला हवं होतं ते नेमकं हेच. दिवसभर खांद्याला अडकवून फिरता येईल, लिहिणं-वाचणं आणि मीटिंगा उरकतील, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडे राहिले तरी कुरकुरणार नाही आणि रात्री तासभर एखादा जुना गेम खेळता येईल. हातात पडलं ते ८व्या पिढीचं, २०१७ साली आलेल्या प्रोसेसरचं मशीन, अंगावर ११व्या पिढीचा स्टिकर डकवलेलं. पैसे गेले ते गेलेच. कसं गंडवलं ते तपशिलात लिहितोय, कारण यातली एकेक युक्ती आजही तितकीच चालते.

आधी ग्राफिक्स. विक्रेत्याने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, ‘डीएक्सडायग’ हे विंडोजमधलंच तपासणीचं साधन चालवलं, डिस्प्लेचा टॅब काढला आणि ‘अ‍ॅप्रॉक्स टोटल मेमरी’ या ओळीवर बोट ठेवलं. आकडा खरोखरच ८ जीबीच्या आसपास होता. लगेच खालची ओळ होती ‘डिस्प्ले मेमरी’, म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी, १२८ एमबी. तिच्यावर त्याचा पंजा. विंडोज साधारण निम्मी रॅम गरजेला ग्राफिक्ससाठी वापरू देते आणि ती धरून ही बेरीज दाखवते. म्हणजे १६ जीबी रॅमच्या कुठल्याही मशीनवर, ग्राफिक्सचं स्वतंत्र कार्ड नसलं तरी, हा आकडा ८च्या जवळपासच येणार. गड्याने खरा आकडा दाखवून खोटं विकलं. सगळ्या प्रकरणात मला हाच भाग सर्वांत बेरकी वाटतो.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र उघडउघड बनवाबनवी होती. सेटिंग्जमध्ये ‘आय७-११६५जी७’ हे ११व्या पिढीचं नाव लिहिलेलं, टास्क मॅनेजरमध्येही तेच. हे नाव विंडोज रजिस्ट्रीतून, म्हणजे तिच्या नोंदींच्या कोठारातून, उचलते आणि तिथला मजकूर बदलणं अजिबात अवघड नाही. रीस्टार्ट केलं की खरं नाव परत येतं, म्हणून मशीन सुरू होताच ते पुन्हा बदलणारी छोटी स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये बसवून ठेवली होती. नंतर सापडली, नाव दिलं होतं ‘ऑडिओ सर्व्हिस अपडेट’. इतकं साळसूद नाव की कुणी उघडूनही बघू नये.

आत होता ८व्या पिढीचा आय७-८५५०यू. निवडही विचार करून केलेली. त्याचे ४ कोअर, ८ थ्रेड आणि ११६५जी७चेही ४ कोअर, ८ थ्रेड, त्यामुळे मोजून संशय येत नाही. पण टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर तळाशी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, ८ एमबी दाखवत होती. ११६५जी७ची १२ एमबी असते. नाव बदलणाऱ्याने त्या ओळीला हात लावला नव्हता.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये तर ‘यूएचडी ग्राफिक्स ६२०’ असं स्वच्छ दिसत होतं आणि मी तिथल्या तिथे विचारलंही. उत्तर तयार होतं: “ड्रायव्हर जुना आहे दादा. घरी नेट लावा, आपोआप आयरिस एक्सई दिसेल.” यात सत्याचा अंश होता, हीच खरी गोम. आयरिस एक्सई म्हणजे ११६५जी७मधलं ग्राफिक्स, आणि हे नाव दिसायला दोन चॅनलची मेमरी लागते, म्हणजे रॅम प्रोसेसरला दोन वाटांनी जोडलेली. रॅम एकाच चॅनलवर चालत असेल तर तीच चिप नुसती ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दिसते. मी हे कुठेतरी वाचलेलं, म्हणून पटलं. पण त्या नावापुढे ‘६२०’ येत नाही. ६२० दिसलं की चिप जुनीच, मग समोरचा काहीही सांगो.

घरी जीटीए ५ हा गेम टाकला. सेटिंग सगळ्या खाली ओढल्या, रिझोल्यूशन ७२०वर आणलं, तरी गाडी वळवली की चित्र अडखळायचं. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा. मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरलो. तिथे ८५५०यू, ठळक अक्षरांत. रजिस्ट्री बदलणारी स्क्रिप्ट तिथवर पोचत नाही. व्यवहाराच्या वेळी मी रीस्टार्ट करायला गेलो तेव्हा “अपडेट चालू आहे, मध्येच बंद करू नका” असं त्याने का म्हटलं होतं, ते आता कळलं. समोरचा रीस्टार्ट करू देत नसेल तर सरळ उठून यावं.

बायोसमधला सिरियल नंबरही वेगळा निघाला. खालच्या झाकणावरचा नंबर मी आधी कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून पाहिला होता आणि वॉरंटी चालू दिसली होती. तो नंबर होता दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनचा, छापून चिकटवलेला. वॉरंटी तपासायची तर बायोसमधल्या नंबरावर.

बाकीची लक्षणं पटकन सांगतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी मिळते. माझी ५०,००० मिलिवॉट-तासांवरून ३१,०००वर आलेली. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, चालू राहिल्याचे तास साडेसहा हजारांच्या वर. जवळजवळ नवा!

आणि चार्जर. त्यावर ६५ वॉट छापलेलं होतं. ज्या लॅपटॉपमध्ये खरंच ८ जीबीचं कार्ड असतं, उदाहरणार्थ एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, तिथे एकट्या कार्डालाच कंपनीच्या निवडीप्रमाणे ३५ ते ११५ वॉट दिलेले असतात. त्याची उष्णता बाहेर काढायला तांबं, पंखे आणि जागा लागते, वजन त्यानेच वाढतं. हलकेपणा आणि ताकदवान कार्ड एकत्र मिळतं, पण मोजक्या आणि महागड्या मॉडेलांत. ‘हलका पण गेमिंगवाला’ शोधणारं गिऱ्हाईक या लोकांना म्हणूनच आवडतं: दोन्ही शब्द जाहिरातीत घालायला काही खर्च येत नाही.

सरळ विक्रीतही अर्धवट नावं चालतात, तेही लक्षात ठेवा. आरटीएक्स ३०५० एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर असतं, दुसऱ्यात ८०वर, आणि बाहेरच्या स्टिकरवर नाव एकच. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरच्या नावातला पहिला ७ म्हणजे २०२३ची मालिका, पण तिसरा आकडा २ सांगतो की आतली रचना २०१९च्या झेन २ची आहे. त्यातल्या रेडिऑन ६१०एम या ग्राफिक्समध्ये २ कॉम्प्युट युनिट, म्हणजे चित्राचं गणित करणारे भाग, तर रायझन ७ ७८४०यूच्या ७८०एममध्ये १२. हलक्याफुलक्या गेमिंगला दुसरी चिप स्वतंत्र कार्डाशिवाय पुरते. पहिलीवर ऑफिसचं कामच करावं. आणि आतल्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर मेमरी दोन चॅनलवर हवी, कारण ती चिप रॅमच्याच वेगावर जगते.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “तुम्हीच आतला प्रोसेसर बदलला असेल.” हा प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, घरी बसून बदलायची सोय नाही. तेही सांगितलं. त्यानंतर नंबर ब्लॉक. पैसे त्याने कार्डने घेतले नव्हते, “थेट खात्यात टाका, थोडे कमी करतो” म्हणून वळते करून घेतले होते. कार्डने भरले असते तर बँकेकडे व्यवहारावर वाद तरी घालता आला असता. साइटवाले म्हणाले, पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत, आम्ही फार तर त्याचं खातं बंद करू. ते त्यांनी केलं.

तक्रार लिहून द्यायला गेलो तेव्हा माझ्याकडे संभाषणाचे स्क्रीनशॉट, पैसे गेल्याची नोंद आणि बायोसचा फोटो होता. मागितली गेली मूळ जाहिरात. मी लिंक जपून ठेवली होती, पण पान त्याने त्याच रात्री काढून टाकलं होतं. लिंकवर भिस्त ठेवू नका. पैसे देण्याआधी अख्खं पान तारखेसकट पीडीएफ करून ठेवा.