सांगलीतला पटकथेचा क्लास आणि आमचे गेलेले पैसे

पाच नोव्हेंबर, रंगभूमी दिन, जवळ आला की सांगलीत नाट्यशिबिरांच्या जाहिराती फिरायला लागतात. त्यात वावगं काही नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते याच गावात, नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. इथल्या माणसाला नाटकाचं वेड असायचंच. पण याच वेडाचा आणि याच नावांचा आधार घेऊन आमच्या अख्ख्या बॅचकडून पैसे उकळले गेले. तीच मंडळी आता नाव बदलून मिरज-तासगावकडे जाहिरात करताहेत असं कानावर आलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी शाळेत मराठी शिकवते, मुलांच्या एकांकिका बसवते. मला पटकथा शिकायची होती, कारण डोक्यात हळदीच्या पेवांची एक गोष्ट होती. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, २००५च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं, त्या एका घराची ती गोष्ट. जाहिरातीत लिहिलं होतं : 'शून्यापासून पटकथा व नाट्यलेखन, निवडक संहितांवर वेबसिरीज.' सोबत शिकवणाऱ्यांचे नटनट्यांबरोबरचे फोटो. फी १५ हजार, लगेच भरल्यास १२ हजार.

विश्रामबागेतल्या एका हॉलच्या वरच्या खोलीत शनिवार-रविवार वर्ग भरायचे. आरंभ, मध्य, शेवट अशी एक आकृती फळ्यावर निघाली आणि अखेरपर्यंत तीच राहिली. बाकी वेळ मुंबईचे किस्से, कोण कोणाला कसं भेटलं, कोणाला किती मानधन मिळालं. आम्ही लिहून आणलेली पानं गोळा व्हायची, 'सर वाचताहेत' असं सांगितलं जायचं, आणि पानं जशीच्या तशी परत यायची. एका पानावर पेन्सिलीची साधी खूणसुद्धा नसायची. लिहायला शिकवणारा माणूस तुमच्या वाक्याला हात लावत नसेल तर तो शिकवत नाही, हे मी शिक्षिका म्हणून ठामपणे सांगते.

खरी लूट पुढे झाली. प्रमाणपत्रं वाटल्यावर 'संहितेची राष्ट्रीय नोंदणी' म्हणून प्रत्येकी साडेचार हजार घेतले. हातात आला तो एक रंगीत कागद, त्यावर गोल शिक्का आणि क्रमांक. वस्तुस्थिती अशी आहे की लिहिलं त्या क्षणी लेखनाचा कॉपीराइट लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून नोंदणी करायचीच असेल तर केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात लेखनाच्या एका कृतीला ५०० रुपये शुल्क आहे आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथेही संहिता नोंदवता येते. दोन्हीकडे मधला माणूस लागत नाही.

त्यानंतर 'सेन्सॉर' आलं. चित्रपटाची संहिता आधी सेन्सॉर करून घ्यावी लागते, नाहीतर निर्माता हात लावत नाही, असं सांगून काहींकडून आणखी पैसे घेतले. इथे मात्र मला शंका आली, कारण नाटकाचा व्यवहार मला माहीत आहे. नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, हे खरं. चित्रपटाचं तसं नाही. चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते, तयार झालेला चित्रपट पाहून प्रमाणपत्र देतं, कागदावरच्या पटकथेला नाही. रंगमंचाचा नियम उचलून पडद्याला चिकटवला होता, आणि दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकलेल्या माणसाला तो पटण्यासारखाच होता.

मी वर्गात उभी राहून हे विचारलं. उत्तर मिळालं, 'मॅडम, इंडस्ट्री पुस्तकावर चालत नाही.' दुसऱ्या दिवशी मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं.

आमच्यात जत तालुक्यातली एक मुलगी होती. बचत गटातून आईच्या नावावर पैसे उचलून तिने फी भरली होती. तिच्याकडून 'अंधेरीत निर्मात्यांसमोर सादरीकरण' म्हणून पंचवीस हजार मागितले, तिने दागिना गहाण ठेवून दिले. सादरीकरण झालंच नाही, फोन उचलणं बंद झालं. तिची गोष्ट उत्तम होती, आणि ती आता लिहीत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

करारनाम्याचा कागद तर जपून ठेवण्यासारखा. 'कथेचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी संस्थेकडे', आणि मोबदला काय, तर 'दिलेले प्रशिक्षण'. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी करार लागतो, त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे यावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द ते इतक्या आठवणीने घालतात. आणि नुसत्या तोंडी कल्पनेवर कोणाचाच कॉपीराइट नसतो, हक्क असतो तो मांडणीवर. तेव्हा गोष्ट पूर्ण लिहून, तारखेसह स्वतःच्या मेलवर ठेवल्याशिवाय कोणाला ऐकवू नका.

पटकथा मी पुढे शिकले ती सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका जुन्या हौशी दिग्दर्शक काकांकडे, एक पैसा न देता. ते कसं झालं ते सांगते, म्हणजे खरं शिकवणं कशाला म्हणतात ते कळेल. माझ्या पानावर ओळ होती : 'आबांना जुना महापूर आठवतो आणि ते अस्वस्थ होतात.' काकांनी तिच्याखाली लाल रेघ ओढली. म्हणाले, 'ताई, हे कॅमेऱ्याला दिसणार कसं?' तासाभराच्या खाडाखोडीनंतर ते असं झालं :

'सीन ४. आत. आबांचं घर, माजघर. रात्र. बाहेर पाऊस. आबा भिंतीवरच्या पाण्याच्या जुन्या रेषेवरून बोट फिरवतात. मग कपाटातल्या हिशेबाच्या चोपड्या एकेक करून माळ्यावर ठेवतात.'

एकही संवाद नाही, आणि आबांच्या मनात काय आहे ते कळतं. मग काकांनी विचारलं, हेच भावे नाट्यमंदिरात करायचं झालं तर? भिंतीवरची रेष पंधराव्या रांगेतून दिसत नाही. तेव्हा रेष गेली, चोपड्या राहिल्या आणि सून बोलायला लागली. 'आबा, चोपड्या वर का चढवताय?' 'असू दे.' 'नदी अजून पात्रातच हाय की.' 'असू दे म्हटलं ना.' पडद्यावर बघण्यातून कळतं, रंगमंचावर माणूस माणसाला अडवतो त्यातून कळतं. बारा हजारांच्या वर्गात हे कोणी उच्चारलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा क्लास लावायचा झालाच तर आधी तुमचं एक पान घेऊन जा आणि शिकवणाऱ्याला ते समोर बसून दुरुस्त करायला सांगा. श्रेयनामावलीत त्यांचं नाव कुठे आहे ते विचारा, कथा, पटकथा, संवाद यांतलं नेमकं काय त्यांनी लिहिलं तेही विचारा. निर्माता लेखकाला पैसे देतो, लेखकाकडून घेत नाही. सादरीकरण, नोंदणी, सेन्सॉर, कुठल्याही नावाने पैसे मागितले तरी उठून या.

आम्ही काहीजणांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ज्यांनी अशा वर्गात पैसे भरलेत त्यांनी पावत्या, यूपीआयचे व्यवहार, जाहिरातीचा फोटो आणि ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. माझ्याकडचे बरेचसे मेसेज त्यांनी डिलीट केले, बॅचमधल्या इतरांच्या फोनमध्ये होते म्हणून तक्रारीला जोडता आले.