नार्नियाचा सात पुस्तकांचा संच : शब्बाथ शाळेच्या कपाटात ठेवावा का?

आधी वस्तूबद्दल बोलते. पुठ्ठ्याच्या खोक्यात सात पेपरबॅक पुस्तकं, नार्निया या काल्पनिक देशाच्या, मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींची. ऑनलाइन मागवली, दीड हजाराच्या आत पडली. कागद पातळ, टाइप बारीक. चष्मा घरी विसरले त्या रविवारी वाचन रद्द करावं लागलं. खोका तिसऱ्याच आठवड्यात कोपऱ्यातून उसवला, आता त्याला सेलोटेप आहे. पॉलिन बेन्स या चित्रकर्तीची मूळ रेखाचित्रं आत आहेत, ही मोठी जमेची बाजू. मागच्या बाकावरची मुलं निदान चित्रं बघायला तरी पुढे येतात.

मी नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) एका चर्चमध्ये शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) घेते. माझ्या वर्गात नऊ ते तेरा वयाची सोळा-सतरा मुलं आहेत, निम्मी मराठी माध्यमाची. पुस्तकं इंग्रजीत, म्हणून मी पान डोळ्यांनी वाचते आणि तोंडाने मराठीत सांगते. हा संच घेताना मला वाटलं होतं, लेखक सी. एस. लुईस, ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिणारा ऑक्सफर्डचा प्राध्यापक, म्हणजे कोणाची हरकत असणार नाही. खोकं कपाटात ठेवलं त्याच दिवशी पास्टरेट कमिटीतले (चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळातले) एक काका आले. त्यांनी पुस्तकं उभी बघितली. कण्यावर आकडा १, नाव ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’. आकडा २, नाव ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. काका म्हणाले, “बाई, पहिल्यात जादूगार, दुसऱ्यात चेटकीण. पुढची पाच उघडायचीच कशाला?”

हा आकड्यांचा घोळ खरंच आहे आणि विकत घेणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा. सिंह, चेटकीण आणि कपाट हे पुस्तक सर्वांत आधी, १९५० साली आलं. जादूगाराचा भाचा आला १९५५ मध्ये, सहावा. हल्लीच्या संचांत कथेतल्या काळाप्रमाणे क्रम लावतात, म्हणून सहावं पहिलं होऊन बसतं. लुईसने १९५७ मध्ये एका मुलाला पत्रात हाच क्रम बरा म्हणून लिहिलं होतं, पण फारसा फरक पडत नाही असंही वर लिहिलं होतं. मला फरक पडतो. कपाटाचं दार उघडून बर्फात पाय पडतो ती पहिली भेट, ती आधीच समजावून सांगितली की तिची गंमत गेली. (कपाटात स्वतःला कोंडून घेणं मूर्खपणाचं आहे हे लेखक पुन्हा पुन्हा बजावतो. तरी आमच्या एका पठ्ठ्याने चर्चचं लोखंडी कपाट आतून लावता येतं का ते बघितलंच.)

काकांची हरकत उडवून लावण्यासारखी नव्हती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, शकुनमुहूर्त, भूतविद्या यांना सरळ मनाई आहे. शौल राजा एनदोरच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला त्याचं काय झालं, हे आमची मुलं पाठ म्हणून दाखवतात. आणि काका लहानपणी ज्या गावात वाढले तिथे एका विधवेला चेटकीण ठरवून मारलं होतं. ते म्हणाले, “तुमच्या पुस्तकातली गोष्टीतली आहे. आमच्या गावातली खरी बाई होती, आणि मारणारेही खरे होते.” कोणाला करणी करणारी ठरवून छळणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा यायला डॉ. दाभोलकरांचा खून व्हावा लागला. अशा मातीत ‘विच’ हा शब्द ऑक्सफर्डइतका हलका राहत नाही. वाईट म्हणजे बाई, आणि तीही एकटी, सत्ता हवी असलेली, हे या मालिकेत एकदा नाही, दोनदा आहे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी वर्गात तिला ‘चेटकीण’ म्हणणं सोडलं, ‘पांढरी राणी’ म्हणते. ती स्वतःला राणीच म्हणवते.

मग व्हॉट्सॲपवर काकांचे फॉरवर्ड सुरू झाले, बहुतेक हॅरी पॉटरबद्दल. ती मालिका या खोक्यात नाही म्हणून थोडक्यात आटोपते. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगॉर्डो गावी एका चर्चने ती पुस्तकं जाळली. जाळणारे नेहमी बायबलमधला, प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय काढतात. मीही काढला आणि काकांसमोर बसून वाचला. इफिसमध्ये पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची पुस्तकं जाळली गेली, खरंय. पण ती जादूटोणा करणाऱ्यांची स्वतःची पुस्तकं होती, धंद्याची. त्यांनी ती आपल्या हाताने आणून टाकली. दुसऱ्याच्या मुलाच्या दप्तरातली गोष्ट प्रेषित पौलाने ओढून घेतल्याचं तिथे कुठे नाही. काका म्हणाले, “ते ठीक आहे, पण तुमची पुस्तकं कुठल्या बाजूची, ते सांगा.”

त्यासाठी मी मुद्दाम तेच पुस्तक उघडलं ज्यावर ते अडले होते. डिगरी नावाचा मुलगा, आई आजारी, मरणाच्या दारात. घरात एक अंकल अँड्र्यू. इंग्रजीला ‘अंकल’वर भागतं, मराठीत काका की मामा ते ठरवावं लागतं. तो आईचा भाऊ, म्हणजे मामा. मी ‘अँड्र्यूमामा’ म्हटलं आणि एक मुलगी पटकन म्हणाली, “शकुनीमामा!” निम्मं काम तिनेच केलं. हा मामा माळ्यावर अंगठ्यांचे प्रयोग करतो. पिवळी अंगठी जगाबाहेर नेते, हिरवी परत आणते. स्वतः जायची हिंमत नाही, म्हणून आधी गिनिपिग पाठवतो, मग भाच्याच्या मैत्रिणीला फसवून पिवळी अंगठी हातात देतो. दिलेला शब्द पाळणं वगैरे लहान मुलांना आणि नोकरांना, आपल्यासारख्या ज्ञानी माणसाला ते लागू नाही, असं तो सांगतो. पुढे एका मेलेल्या शहरात जेडिस राणी भेटते, तीच नंतरची पांढरी राणी. बहिणीकडून हरण्याऐवजी तिने एक शब्द उच्चारून सगळं जग मारून टाकलेलं असतं, आणि ती अगदी मामाच्याच तोंडचं वाक्य बोलते.

लुईसला जादूत खटकत होतं ते हेच. १९४३ च्या एका छोट्या पुस्तकात त्याने जादू आणि विज्ञान यांना जुळी भावंडं म्हटलंय. एक रोडकं होतं, मेलं. दुसरं धडधाकट, वाढलं. दोघांचा प्रश्न एकच, की जगाला आपल्या इच्छेपुढे वाकवायचं कसं. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातल्या शिमोन जादूगारालाही तेच हवं होतं. त्याने प्रेषित पेत्रापुढे पैसे ठेवले, पवित्र आत्मा देण्याचा अधिकार मलाही द्या म्हणाला. मामा आणि शिमोन एकाच बाकावर बसतील.

आता त्याच पुस्तकात सफरचंदाची बाग आहे. डिगरीला तिथून एक फळ आणायला पाठवलंय, दुसऱ्याच्या कामासाठी. जेडिस तिथे आधीच चोरून खाऊन बसलेली. ती म्हणते, एक घे, घरी जा, आई बरी होईल, कोणाला कळणार? त्याचा हात थांबतो. तो फळ जसंच्या तसं आणून देतो. नंतर अस्लान, तो सिंह, आपण होऊन त्याला एक फळ देतो आणि आई बरी होते. त्याने आणलेल्या फळातूनच उगवलेलं झाड, तसंच फळ. लुईसची स्वतःची आई १९०८ मध्ये कॅन्सरने गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच्याही प्रार्थना चालल्या होत्या. त्याला ते फळ मिळालं नाही.

हे मी वर्गात सांगत होते आणि मला माझी आत्या आठवत होती. नियमाने उपासनेला येणारी, ‘उपासना संगीत’ची स्तोत्रं न बघता म्हणणारी. मुलगा तापाने फणफणला तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने देवऋषीकडून काळा दोरा आणला आणि पोराच्या दंडाला सदऱ्याखाली बांधला. मी तिला दोष देत नाही. पण अँड्र्यूमामाची अंगठी आणि तो दोरा एकाच दुकानातला माल, हे मला या पुस्तकाने दाखवलं. आमच्या ख्रिस्ती घरांतून हा माल अजून गेलेला नाही. पाळकसाहेबांनी पुलपिटावरून दहा वेळा सांगूनही मुलांच्या डोक्यात जे शिरलं नव्हतं, ते एका सफरचंदाने शिरलं.

माझी खरी अडचण झाली ती भाषांतराची. लुईस चेटकिणीच्या कांडीलाही मॅजिक म्हणतो आणि समुद्रापलीकडच्या सम्राटाने जगाच्या आरंभी घालून दिलेल्या नियमालाही मॅजिकच म्हणतो. फितुराचा जीव राणीचा, हा तो नियम. भावंडांशी फितुरी केलेल्या एडमंड या मुलाच्या जागी अस्लान स्वतः मरतो, आणि मग कळतं की त्याहूनही खोल, काळाच्या आधीचं मॅजिक आहे, राणीला ते ठाऊकच नव्हतं: निर्दोष माणूस आपल्या खुशीने फितुराऐवजी मेला तर मरण उलटं फिरू लागतं. हे मराठीत कसं सांगायचं? ‘जादू’ म्हटलं तर आठवडे बाजारात दोरीचा साप करणारा डोळ्यांपुढे येतो. ‘मंत्र’ म्हटलं तर काका तिथेच उठून गेले असते. ‘नियम’ म्हटलं तर शाळेचा फळा. शेवटी पौलाच्या पत्रांतला ‘रहस्य’ हा शब्द काढला, ‘अधिक खोल रहस्य’. काका खूश. पण पहिल्या बाकावरचा एक बारका हिरमुसला, “म्हणजे जादू नव्हती का टीचर?” पुढच्या रविवारी मी परत ‘जादू’वर आले. चोरून घेतलेली आणि दिलेली अशा दोन जादू आहेत, एवढं मुलांना समजतं. टर्किश डिलाइटला मात्र कराची हलवा म्हटलं आणि ते एकदम चपखल बसलं. ज्याच्यासाठी एडमंड भावंडांना विकतो तो पदार्थ स्वीट मार्टमध्ये समोरच दिसतो, हे बरंच झालं.

सात पुस्तकांत सगळं असं नीट बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिसरं आलेलं, समुद्रप्रवासाचं, त्यात एक भला जादूगार आहे. त्याच्या घरी एडमंडची बहीण ल्यूसी मंत्रांचं पुस्तक वाचते. जगात सर्वांत सुंदर होण्याचा मंत्र ती म्हणणार एवढ्यात पानावर सिंहाचा चेहरा गुरगुरतो आणि ती थांबते. मग हट्टाने दुसरा म्हणते, मैत्रिणी पाठीमागे काय बोलतात ते ऐकण्याचा. जे ऐकू येतं त्याने मैत्री कायमची नासते. नंतर अस्लान तिला सांगतो, जादूने चोरून ऐकणं हे चोरून ऐकणंच. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुली इथे एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्याचा मोबाईल उघडून चॅट वाचण्याचं प्रकरण दोनच आठवड्यांपूर्वी झालेलं होतं. प्रसंग अप्रतिम, पण मग भला जादूगार चालतो कसा, या काकांच्या प्रश्नाला मी ‘तो शिक्षा भोगत असलेला तारा आहे’ एवढंच म्हणू शकले. ते मलाच लंगडं वाटलं.

घोडा आणि मुलाच्या पुस्तकातली सावळी, फेटेवाली, वाळवंटातली माणसं वाचताना आपल्याला जे वाटायचं ते वाटतंच. मी ती वर्णनं गाळली. शेवटचं पुस्तक दहा वर्षांखालच्यांना देऊ नका. त्यात परक्या देवाच्या प्रामाणिक भक्ताला अस्लान आपला म्हणतो, त्यावर तर काका आणि पाळकसाहेब यांच्यातच जुंपली. मी चहा करायला गेले.

टॉल्किनचं अंगठीचं पुस्तक (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’) का नाही, असं एका पालकांनी विचारलं. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या ॲडिसन्स वॉकवर रात्री फिरता फिरता ज्यांनी लुईसला ख्रिस्ताकडे वळवलं त्यांत टॉल्किन होता. त्याच्या गोष्टीतली अंगठी वापरायचीच नसते, नष्ट करायची असते. म्हणजे काकांना तीच जास्त पटावी. पण ती तीन जाडजूड पुस्तकं आहेत आणि आमचं वाचन रविवारी पंचवीस मिनिटं चालतं. गंमत म्हणजे टॉल्किनला मित्राचं नार्निया फारसं आवडलं नव्हतं.

तर घ्यावा का? घरी एकच मूल असेल तर अख्खा संच नको. सिंह-चेटकीण आणि जादूगाराचा भाचा ही दोन सुटी घ्या, तीही मोठ्या टाइपची मिळाली तर. शब्बाथ शाळेसाठी संच परवडतो, पण मुलांना नुसता हातात देऊ नका, वाचून दाखवा, कारण मामाच्या माळ्यावर गोष्ट सोडून घरी गेलेल्या मुलाला फक्त अंगठ्या लक्षात राहतात. पाचातले साडेतीन तारे. अर्धा कागदाला कापला, एक सावळ्या माणसांच्या वर्णनाला.

संच कपाटात राहिला. काकांनी एक अट घातली, पालकांना नावं दिसू नयेत म्हणून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं, रोल आणि कात्री घेऊन बसले. काका स्वतः कागद धरून उभे होते. सातही कण्यांवरचे छापील आकडे झाकले गेले. मग मी मार्करने माझे आकडे घातले. सिंहाला १, मामाला ६.